पंचेचाळिशीच्या वरचा एक

माझ्या रजिस्टरमध्ये पंचेचाळिशी ओलांडलेले आठ पुरुष आहेत. त्यांतले तिघे सामन्याआधी गुडघ्याला पट्टी बांधतात, दोघे सामन्यानंतर. एकजण दोन्ही वेळा बांधतो आणि घरी सांगतो की ऑफिसच्या जिन्यात पाय मुरगळला. एक गोलकीपर आहे, त्याला पळावंच लागत नाही. उरला हमीद.

हमीद पळतो. सगळ्या भानगडीचं मूळ ते.

आमची लीग म्हणजे कुवेतमधल्या नोकरदार परदेशी माणसांची, शुक्रवार सकाळची. पहिली श्रेणी हिरवळीवर खेळते. दुसरी श्रेणी, म्हणजे आम्ही, सुलैबियातल्या गोदामांच्या मागे, वाळू दाबून केलेल्या मैदानावर. तिचा कारभार दोरिन बघतो. हा रोमानियाचा, प्लांटवर वेल्डिंग तपासणारा इंजिनिअर. तरुणपणी तो तिकडच्या दुसऱ्या श्रेणीत एका क्लबकडून खेळला, आणि माणूस देश सोडतो पण आपली दुसरी श्रेणी काही सोडत नाही. तिकडचं सगळं त्याने इथे आणलं. आधी सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं. मग वरच्या चौघांनी मिळवलेले गुण तसेच बरोबर घेऊन पुन्हा आपसांत झुंजायचं. आणि शेवटी एकानेच वर जायचं.

तिकडे म्हणे प्रत्येक संघाला मैदानावर कोवळी पोरं ठेवावीच लागतात. इथे ते जमेना, कारण आमची पोरं अठरा पूर्ण झाली की पुण्याला नाहीतर कॅनडाला कॉलेजात जातात. तेव्हा दोरिनने नियम उलटा केला. पंचेचाळीस पूर्ण केलेला किमान एक गडी सामना संपेपर्यंत मैदानावर हवाच. नसला तर सामना गेला.

या श्रेणीची नोंदणी सहा वर्षं मी बघते. सिव्हिल आयडी, म्हणजे इथली सरकारी ओळखपत्रं, तपासायचे, पिवळी-लाल कार्डं मांडायची, कोण कुणाच्या जागी आत गेलं ते लिहायचं. माझा नवरा आलोक सलवा वॉरियर्सचा कर्णधार आहे हे कमिटीला माहीत होतं. पण त्यांनी आमचं दोघांचं पाच मिनिटं बोलणं ऐकलं आणि माझ्याकडून त्याला काही सवलत मिळेल ही भीती कुणाला उरली नाही.

सलवा वॉरियर्स म्हणजे पुणे-मुंबई-नाशिकचे तेल कंपन्यांतले इंजिनिअर. सामन्याच्या आदल्या दिवशी आलोक ग्रुपवर चार पानी डावपेच पाठवतो. ते तिघेजण उघडतात, एकजण वाचतो, आणि तो एकजण आलोकच असतो. जहरा कोकण इलेव्हन म्हणजे रायगड-रत्नागिरीकडचे ड्रायव्हर, दुकानातले सेल्समन, टायरवाले. त्यांचा डावपेच असा की वेळेवर पोचायचं. कर्णधार आणि गोलकीपर जहीर, टायरच्या दुकानात काम करतो. त्याचा मामा हमीद, श्रीवर्धनकडचा, एका मोठ्या कंपनीत पंचवीस वर्षं ड्रायव्हर. सिव्हिल आयडीवर वय शेहेचाळीस. बचावात उभा राहतो आणि वीस वर्षांच्या पोराला पळण्यात मागे टाकतो.

या सीझनला हे दोनच संघ शेवटपर्यंत भांडत आले. एकोणीस सामने झाले तेव्हा जहरा अडतीस गुणांवर, सलवा छत्तीस. विसावा सामना एकमेकांशीच. बरोबरी झाली तरी जहरा वर जाणार होते. सलव्याला जिंकणंच भाग होतं. रमजानच्या आधीचा शेवटचा शुक्रवार. त्यानंतर सीझन नाही.

आता माझी चूक सांगते, म्हणजे पुढचं सरळ कळेल.

हमीदची बायको बानू सलव्यातल्या आमच्या बायकांचे ब्लाउज-ड्रेस शिवते. जानेवारीत ती माप घ्यायला आली होती. बोलता बोलता मी तिला चिडवलं, "बानू, तुझा नवरा खातो तरी काय? माझा त्याच्याहून लहान, पण सोफ्यावरून उठताना 'आई गं' म्हणतो."

बानू तोंडातल्या टाचण्या काढून हसली. "लहान कुठला ओ वहिनी! आमचे त्रेचाळीसचे. कुवेतला यायचं तर एकवीस पुरे लागत होते. हे अठराचे. एजंटानं पासपोर्टात तीन वर्षं वाढवली. सासूबाई बोलत, माझ्या पोरानं माझ्या लग्नाआधी जन्म घेतलान."

आम्ही दोघी हसलो. मग ती एकदम थांबली. "कुणाला बोलू नका हां. कंपनीत कळलं तर पासपोर्ट खोटा ठरवतील. सिव्हिल आयडी, इथं राहायचा अकामा, सगळं त्याच तारखेवर हाय. पंचवीस वर्षं उभ्यानं वाहून जातील."

"वेडी का काय," मी म्हटलं. "मी कशाला बोलू?"

आणि तीन आठवड्यांनी बोलले. मुद्दाम नाही. जेवताना आलोकचं पुराण चाललं होतं. "हा हमीद शेहेचाळीसचा? बघ ना पळतो कसा! आणि मी चव्वेचाळिसाव्या वर्षी एमआरआय काढतोय." मला चार गोष्टी जास्त माहीत असतात, आणि त्या आपल्याला माहीत आहेत हे समोरच्याला कळावं अशी एक खाज असते. मी पोळी वाढता वाढता म्हटलं, "उगीच स्वतःला कमी समजू नकोस. तो त्रेचाळीसचाच आहे." मग अर्थातच पुढचंही सांगावं लागलं. सांगून झाल्यावर म्हटलं, हे विसर. तो म्हणाला, विसरलो. सतरा वर्षांच्या संसारात आलोक काय विसरतो याची यादी माझ्याकडे आहे, आणि तिच्यात फुटबॉल कुठेच नाही.

त्या शुक्रवारी साडेआठला सामना सुरू झाला. बारा वाजता जुम्मा. त्याआधी सगळं आटपून पोरांना मशिदीत पोचायचं होतं. रेषेबाहेर प्लास्टिकच्या टेबलाशी मी आणि माझं रजिस्टर, टेबलाखाली बर्फाची पेटी. पलीकडे जहऱ्याच्या गाड्यांची रांग. एका गाडीचं दार उघडं ठेवून बानू बसली होती. एरवी ती सामन्याला येत नाही. आज भाचा वर जाणार म्हणून आली होती.

मध्यंतराला एक-एक अशी बरोबरी होती. आलोक टेबलाशी आला. घामाने निथळत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

"हरकतीचा फॉर्म दे."

"कसली हरकत?"

"दे ना. कुठल्याही कर्णधाराला मागायचा हक्क आहे. नियम क्रमांक अकरा. तूच टाइप केलायस."

मी फॉर्म दिला. त्याने उभ्याउभ्याच लिहायला घेतलं. उलट्या बाजूने वाचायची मला सवय आहे. 'हमीद. वय. नियमभंग.' आणि खाली, पुरावा किंवा साक्षीदार या चौकटीत, माझं नाव.

"आलोक, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"मग काय करू? तिसरं वर्ष आहे हे. तिन्ही वर्षं दुसरे. पुढच्या वर्षी माझा गुडघा नसेल, मी नसेन. नियम मोडलाय त्यांनी, मी नाही."

"तू मला म्हणालास विसरलो."

"प्रयत्न केला. तो पळत होता ना समोर."

"हा निकाल कंपन्यांच्या एचआरला जातो. मैदान त्यांनी दिलंय, प्रत्येक हरकतीची प्रत त्यांना जाते. तो माणूस देशाबाहेर जाईल."

तो जरा थबकला. हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं, एवढं मला त्याच्या मानेवरून कळलं. पण लिहिलेलं खोडायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. म्हणजे त्याच्या.

"मग त्यांनी जिंकू नये," तो म्हणाला. "हरले तर मी हा देणारच नाही. बास."

टेबलाखाली खडखडलं. बर्फ काढायला हमीद वाकला होता. कधी आला ते आम्हाला कळलं नव्हतं. तो उठला, हातात बर्फाची पिशवी. पाणी गळून त्याच्या बुटावर पडत होतं.

आलोक लाल झाला. पण त्याचं एक आहे, पाठीमागे करायचं ते तो तोंडावरही करतो. "हमीदभाई, ऐकलंत तर बरंच झालं. तुम्ही सामना सोडलात तर हा कागद मी फाडीन. माझा शब्द."

हमीदने कागदाकडे पाहिलं. त्याला इंग्रजी वाचता येतं की नाही मला माहीत नाही. स्वतःचं नाव येत असणार. "साहेब," तो म्हणाला, "तुम्हाला कुणी बोललं?"

आलोकने कागदाची घडी करून मोज्यात खोचली. मी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. शिट्टी झाली आणि दोघे मैदानावर गेले.

मी आयुष्यात बरेच सामने पाहिलेत, निम्मे लिहिताना. पण ती पंचेचाळीस मिनिटं मी पेन्सिल हातात धरून एकाच माणसाकडे बघत होते, आणि तो काय करणार ते मलाच नव्हे, त्यालाही ठाऊक नव्हतं. हरायला त्याला फारसं काही करावं लागणार नव्हतं. बचावातल्या माणसाने एक पाऊल उशिरा टाकलं की झालं. शेहेचाळीसचा माणूस कुठेतरी उशिरा पोचणारच. सगळे म्हणाले असते, वय झालं.

साठाव्या मिनिटाला त्याने जहीरकडे मागे पास दिला. आखूड. इतका आखूड की आमचा ओंकार, आलोकच्या संघातला सगळ्यांत चपळ पोरगा, मधेच घुसला. जहीर पुढे झेपावला आणि चेंडू त्याच्या छातीवर आपटून बाहेर गेला.

"मामू!" जहीर ओरडला. "झोपलाव काय? मी हितं उभा दिसत नाय काय?"

"चुकलं," हमीद म्हणाला.

"चुकलं कसं? पंचवीस वर्षांत तुम्ही गाडी रिव्हर्स घेताना चुकला नाय, नि हे चुकलं?"

जहऱ्याची पोरं हसली. हमीद हसला नाही. मी रजिस्टरमध्ये 'कॉर्नर' लिहिलं. चूक का मुद्दाम यासाठी रकाना नाही.

पंच्याहत्तराव्या मिनिटाला त्याने हात वर करून पंचांना पाय दाखवला. मी त्यांच्या बदली खेळाडूंची यादी पाहिली. पंचेचाळिशीच्या वरचा दुसरा कुणी नव्हता. तो बाहेर आला असता तर नियमाप्रमाणे सामना तिथेच सलव्याचा झाला असता, आणि कागद फाटला असता. अगदी साधा रस्ता. मी मनात म्हटलं, ये बाबा, ये बाहेर. देवाची शपथ, सलवा वॉरियर्ससाठी मी कधी इतकी कळकळीने प्रार्थना केली नव्हती.

जहीर गोल सोडून धावत त्याच्याजवळ गेला. काय बोलला ते ऐकू आलं नाही. त्याने मामाच्या पोटरीला दोन्ही हातांनी चोळलं, मग स्वतःच्या डोक्याने त्याच्या डोक्याला टक्कर दिली, आमच्याकडे बोकड देतात तशी, आणि परत गोलकडे पळाला. हमीद तिथेच उभा राहिला. मग त्याने पंचांना खूण केली, ठीक आहे.

शेवटची पंधरा मिनिटं सलव्याने चेंडू सोडलाच नाही. आलोक एका पायाने पळत होता आणि दुसऱ्याला शिव्या घालत होता. दोरिन माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. त्याने एका सिगरेटवर दुसरी पेटवली.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला आलोकने लांबून चेंडू टाकला, ओंकारने तो पुढे आलेल्या जहीरच्या डोक्यावरून अलगद उचलला. गोल रिकामा. वाळूवर चेंडू दोनदा टप्पा खाऊन रांगत निघाला, घाई नसल्यासारखा. सलव्याच्या पोरांनी हात वर केले. मी पेन्सिल टेकवली, ओंकारचा नंबर लिहायला.

हमीद धावत होता. त्याला धावायचं काही कारण नव्हतं. तो अर्धं पाऊल कमी पडला असता तरी कुणी काही म्हणालं नसतं, उलट पाठीवर थाप मारली असती. मला त्याचा चेहरा दिसत होता आणि त्यावर चेंडूखेरीज काही नव्हतं. ना कंपनी, ना कागद, ना बानू. त्याने वाळूवर अंग टाकलं, घसरत गेला, आणि रेषेवरून चेंडू पायाने ओढून बाहेर मारला.

मग तो उठून बसला आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले. जहऱ्याच्या पोरांना वाटलं आनंद झालाय. सगळी त्याच्या अंगावर पडली.

दोन मिनिटांनी शेवटची शिट्टी झाली. एक-एक. आलोक सरळ टेबलाशी आला आणि कागद दोरिनच्या हातात दिला. माझ्या हातात दिला असता तर मी काय केलं असतं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुधा म्हणूनच दिला नसावा.

दहा वाजून पंचवीस मिनिटं. दोरिनने टेबलाभोवती आम्हाला बोलावलं, आलोक, जहीर, हमीद. पोरं लांब नाचत होती. बानू गाडीतून उतरून दहा पावलांवर येऊन थांबली.

दोरिन इंग्रजी बोलतो, मधेमधे प्लांटवर शिकलेलं हिंदी. त्याने सगळं मोठ्याने वाचलं. जहीरचं तोंड उघडंच राहिलं.

"ह्ये काय? मामूंचं वय? साहेब, हरलाव तर हरलाव, घरी जा! आता मामीला विचारा, निकाहात कोण कोण आलं होतं!"

"जहीर, गप," हमीद म्हणाला.

"का गप? सिव्हिल आयडी दाखवा ना मामू! सरकारानं दिलेला हाय!"

हमीदने खिशातून आयडी काढला आणि टेबलावर ठेवला. दोरिनने तो उचलला, दोन्ही बाजूंनी पाहिला, माझ्या नोंदीशी ताडला.

"कागद बरोबर आहे," तो आलोकला म्हणाला. "कागदाविरुद्ध तुझ्याकडे काय आहे?"

"साक्षीदार."

दोरिनने फॉर्म माझ्याकडे वळवला. आपलं बोट त्याने माझ्या नावाखाली ठेवलं.

"मिसेस लीना. इथे लिहिलंय की या माणसाचं खरं वय त्रेचाळीस आहे असं त्याच्या बायकोने तुला सांगितलं. सांगितलं का?"

जहीर माझ्याकडे बघत होता. हमीद टेबलावरच्या आयडीकडे बघत होता. आलोक माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या नजरेत धाक नव्हता, खात्री होती. ही बाई चिडवेल, टोमणे मारेल, पण चुकीची नोंद करणार नाही. सहा वर्षांत एका पिवळ्या कार्डाचीसुद्धा केली नव्हती. त्याचं स्वतःचं कार्डसुद्धा मी सोडलं नव्हतं. आणि बानू. ती कुणाकडेच बघत नव्हती. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं होतं, घट्ट, बोट पांढरं होईपर्यंत.

"नाही," मी म्हटलं.

"नाही म्हणजे आठवत नाही, की सांगितलं नाही?" दोरिन काही मूर्ख नाही.

"सांगितलं नाही. बानू माझ्याकडे कपडे शिवायला येते. आम्ही फुटबॉलबद्दल बोलत नाही. माझ्या नवऱ्याने काहीतरी गैरसमज करून घेतला."

"लीना," आलोक म्हणाला. एवढंच.

दोरिनने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग फॉर्मवर आडवी रेघ मारली आणि रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "लिही. हरकत फेटाळली. साक्षीदाराने नाकारलं. खाली सही तुझीच लागेल."

मी लिहिलं. शाईने, कारण निकाल शाईने लिहायचे असतात. अक्षर नेहमीपेक्षा बरं आलं.

जहीरने मामाला उचलूनच नेलं. जाताजाता हमीदने त्याला थांबवलं, परत आला आणि माझ्यापुढे उभा राहिला. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत त्याची कातडी सोलली होती, वाळू चिकटलेली. "वहिनी," तो म्हणाला, "तुमचे उपकार हायत. कुणीतरी बाहेरून कानाला लागलेलं दिसतंय साहेबांच्या. तुम्ही नसताव तर आज..." त्याने हात जोडले.

"पाय धुवा आधी," मी म्हटलं. "जुम्म्याची वेळ होईल."

बानू त्याच्यामागे उभी होती. तिने हात जोडले नाहीत. बाहेरून कोण कानाला लागलं ते या जगात दोनच बायकांना माहीत होतं, आणि आम्ही दोघी समोरासमोर होतो. ती म्हणाली, "चला ओ," ते नवऱ्याला, आणि गाडीकडे वळली.

सहाव्या रिंगरोडने घरी निघालो, गाडी आलोक चालवत होता. उजवा गुडघा सुजला होता, ब्रेक दाबताना तो ओठ चावत होता. मी चालवते म्हटलं, तर ऐकलंच नाही.

"तू खोटं बोललीस," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"सगळ्यांसमोर मला खोटा पाडलंस."

"हो."

"लिहायच्या आधी कळलं असतं ना, एचआरला जाणार म्हणून, तर..." त्याने वाक्य सोडून दिलं. एका ट्रकला वाट दिली. "तर काय केलं असतं कुणास ठाऊक. पण एक सांग. माझ्यासाठी कधी बोलली असतीस असं खोटं?"

"तुझ्यासाठी खरं बोलले होते," मी म्हटलं. "त्यानेच तर एवढं झालं."

त्याने वेग वाढवला. त्याचा फोन वाजत होता. सलव्याच्या ग्रुपवर कुणीतरी विचारत होतं, हरकतीचं काय झालं, कॅप्टन? मी फोन उलटा ठेवला. उजव्या हाताला आमच्या वळणाची पाटी आली आणि गेली. त्याच्या लक्षात आलं नाही. मी पाहिली होती, पण बोलले नाही.